पेरणी घरातली



पेरावे तसे उगवते, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे? ज्वारी पेरून गव्हाची वाट कोणी पाहत नाही. पण शेतातली ही गोष्ट घरातल्या मुलाला शिकवताना आपण सगळेच चुकतो. त्याबद्दल आज चार शब्द बोलू.

ख्रिस्ती शास्त्रात ही शिकवण पौलाच्या पत्रात आहे. गलतीया नावाच्या प्रांतात ख्रिस्ती मंडळ्या होत्या. तो मुलूख आजच्या तुर्कस्तानात येतो. तेथल्या लोकांना पौलाने इ. स. ५० च्या सुमारास पत्र लिहिले. त्याच्या सहाव्या अध्यायाचा भाव असा : देवाच्या डोळ्यांत धूळ टाकता येत नाही. आपल्या हातून जे बी पडेल तेच आपल्या पदरात येईल. म्हणून चांगले करताना कंटाळू नये. पीक यायला वेळ लागतो.

आता आपण घरी काय करतो, बघा. मूल खोटे बोलले की म्हणतो, “थांब, देव तुझी जीभ झाडील.” मूल घाबरते. पण संध्याकाळी जीभ जागच्या जागीच असते! मग मूल काय शिकते? आईचे बोलणे खोटे, आणि खोटे बोलून काही बिघडत नाही. शिवाय देव म्हणजे काठी घेतलेला फौजदार, असे त्याला वाटते. येशूने तर देवाला बाप म्हटले.

मग करावे काय? खरा परिणाम मुलाला दिसू द्यावा. समजा, कोंबड्यांचे खुराडे लावायचे काम मुलाकडे आहे. तो खेळात विसरला. रात्री मांजराने पिल्लू नेले. अशा वेळी मारू नये. “जाऊ दे, दुसरे आणू,” असेही लगेच म्हणू नये. जवळ बसवून विचारावे, “बाळ, हे कशाने झाले?” त्याचे त्याला सांगू द्यावे. आणि दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा त्याच्याच हाती द्यावे. चूक झाली तरी आपल्यावरचा विश्वास गेला नाही, हेही त्याला कळले पाहिजे. मात्र जिवाशी खेळ नको. विहिरीच्या काठावर खेळणाऱ्या पोराला “पड म्हणजे कळेल” असे कोणी म्हणत नाही.

मुलाने कोणाचे पेरू चोरले तर त्याला मालकाकडे न्यावे. माफी मागू द्यावी, आणि भरपाई म्हणून त्याच्याकडून थोडे काम करवून घ्यावे. जक्कय हा जकात गोळा करणारा होता. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा त्याचे मन पालटले. तो म्हणाला, माझे अर्धे धन गरिबांना देतो, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करतो. क्षमा मिळाली म्हणून देणे बुडत नाही. उलट, क्षमा मिळालेला माणूस देणे आनंदाने फेडतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा नियम उलटा लावू नये. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस पाहून शिष्यांनी येशूला विचारले, पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? येशूने सांगितले, याचेही नाही आणि आईबापांचेही नाही. आपल्याकडेही पोलिओने पाय अधू झालेले मूल पाहून लोक म्हणत, कोणाचे तरी पाप भोवले. पण तो रोग विषाणूमुळे होतो. लहान मुलांना नेटाने लस पाजली, आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तेव्हा कोणाचे दुःख पाहून मुलापुढे त्याचे पाप काढू नका. त्याला मदतीचा हात द्यायला शिकवा.

शेवटी आपल्याबद्दल. याकोबाची गोष्ट ऐका. त्याचा बाप इसहाक म्हातारा झाला होता. त्याला दिसत नव्हते. याकोबाने थोरल्या भावाचे कपडे घातले, हाताला आणि मानेला करडांची कातडी लावली, आणि भावाचा आशीर्वाद लाटला. वर्षे गेली. याकोब स्वतः बाप झाला. त्याच्या मुलांनी आपला भाऊ योसेफ याला विकले, आणि त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे आणला. लेकराला जनावराने खाल्ले, असे समजून याकोब रडला. बकऱ्याच्या कातडीने बापाला फसवले, बकऱ्याच्या रक्ताने स्वतः फसला! पुढे मिसर देशात योसेफाने भावांना क्षमा केली, तेव्हा ते घर सावरले.

दारात उसने मागणारा आला की आपण पोराला म्हणतो, “जा, सांग, बाबा घरी नाहीत.” पोर जाते आणि सांगते. आपल्याला वाटते, काम भागले. पण बी पडले! उद्या तेच पोर आपल्याला म्हणेल, “मी शाळेत गेलो होतो.” तेव्हा त्याला कोणत्या तोंडाने रागवाल?

म्हणून मंडळी, आज घरी गेल्यावर एवढे करा. मुलाला दिलेला एखादा शब्द राहून गेला असेल, तर तो पाळा. आपले चुकले असेल, तर मुलापुढे तसे कबूल करा. त्यात कमीपणा नाही. तीही पेरणीच आहे.