मिठागरापासून महासागरापर्यंत

(नेरे, ता. पनवेल येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आशियातील राष्ट्रांचे राजकारण आणि अर्थनीती हा विषय माथेरानच्या पायथ्याशी असलेल्या नेऱ्यासारख्या गावी कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. परराष्ट्रनीती दिल्लीत ठरते, हे खरे. परंतु तिचे बरेवाईट परिणाम डोळ्यांनी पाहावयाचे असतील, तर पनवेल परिसराइतकी सोयीची जागा विरळाच. महामार्गाच्या कडेला दहा मिनिटे उभे राहा. समोरून जाणाऱ्या प्रत्येक कंटेनरमध्ये कोणत्या तरी दोन देशांमधला एक व्यवहार बंदिस्त असतो.

न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. २०२४-२५ या वर्षात तेथे वीस फुटी मापाने मोजलेले सुमारे ७३ लाख कंटेनर हाताळले गेले. या बंदरातील दोन धक्के दुबईची कंपनी चालवते, एक सिंगापूरची, तर एकाची सूत्रे डेन्मार्कच्या कंपनीकडे आहेत. सिंगापूरच्या धक्क्याच्या दुसऱ्या टप्प्याचे उद्घाटन ४ सप्टेंबर २०२५ रोजी भारत आणि सिंगापूरच्या पंतप्रधानांनी मिळून केले. ज्या अटल सेतूवरून आपण मुंबईस जातो, त्यासाठी जपानने कर्ज दिले. म्हणजे अर्धा आशिया आपल्या दारात उभा आहे. मग प्रश्न उभा राहतो : हे आपले सामर्थ्य की आपली परवशता?

उत्तरासाठी शेजारच्या श्रीलंकेकडे पाहू. हंबनटोटा बंदरासाठी श्रीलंकेने २००७ साली चीनच्या एक्झिम बँकेकडून कर्ज घेतले. २०१० साली बंदर सुरू झाले, परंतु पुरेशी जहाजे आली नाहीत. अखेर २०१७ साली सुमारे ११२ कोटी डॉलरच्या मोबदल्यात ते बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीच्या हाती गेले. व्यासपीठांवरून याचे वर्णन ‘चीनचा सापळा’ एवढ्याच शब्दांत केले जाते. ते अपुरे आहे. श्रीलंकेच्या डोक्यावर इतरांचेही कर्ज होते, आणि चीनचे कर्ज तर त्या पैशाने फिटलेही नाही. ती रक्कम परकीय चलनाच्या गंगाजळीत गेली. सापळा लावणारा दोषी असेलही; पण माल कोठून येणार याचा हिशेब न करता बंदर बांधणारा राज्यकर्ता निर्दोष कसा ठरेल? २०२२ साली श्रीलंका आर्थिक संकटात सापडली, तेव्हा भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य केले. शेजारधर्म तर तो होताच; पण शेजाऱ्याचे घर दुबळे झाले की तिसऱ्याचे पाऊल आत पडते, हे ओळखणारी ती नीतीही होती.

ही दृष्टी आपल्याला परक्यांकडून शिकावयास नको. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेल्या आज्ञापत्रात व्यापाऱ्यांचा मान राखावा असे सांगितले आहे. कारण त्यांच्यामुळे राज्य समृद्ध होते. टोपीकरांविषयी मात्र अमात्य सावध करतात. त्यांच्यामागे त्यांची राज्ये उभी आहेत, त्यांना वखारीपुरती जागा द्यावीच लागली तर ती समुद्रकिनारी, खाडीच्या मुखाशी देऊ नये, असा त्यांचा आशय आहे. व्यापार करावा, पण मोक्याची जागा हातची जाऊ देऊ नये. न्हावा-शेव्यात जमिनीची मालकी बंदर प्राधिकरणाकडे राहते, धक्के ठरावीक मुदतीच्या करारानेच दिले जातात आणि ते एकाच देशाच्या हाती एकवटलेले नाहीत. सामर्थ्य आणि परवशता यांतील भेद येथे आहे.

दुसरा दाखला मिठाचा. बारदेशातील पोर्तुगीज मुलखातून येणारे मीठ स्वस्त पडे आणि स्वराज्यातील संगमेश्वराकडच्या मिठाचा खप घटे. १६७१ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पत्र पाठवून बारदेशच्या मिठावर भारी जकात बसविण्याची आज्ञा केली. ज्यांच्या पूर्वजांनी उरण-पनवेलची मिठागरे पिकवली, त्यांना या आज्ञेचे मोल वेगळे सांगावयास नको.

४ नोव्हेंबर २०१९ रोजी बँकॉकमध्ये भारताने ‘आरसेप’ या प्रादेशिक व्यापार करारात सामील होण्यास नकार दिला, तो निर्णय याच जातीचा होता. परंतु येथे आत्मपरीक्षणही हवे. २०१९-२० मध्ये चीनशी असलेली आपली व्यापारी तूट सुमारे ४९ अब्ज डॉलर होती. २०२४-२५ मध्ये ती ९९ अब्जांवर गेली. करार नाकारला, तरी आयात थांबली नाही. जकातीची भिंत आपल्याला वेळ मिळवून देते. त्या वेळात कारखाना उभा करणे हे आपलेच काम असते.

आपल्याच जिल्ह्यातील रसायनीचे उदाहरण घ्या. देशाला मूलभूत रसायने येथेच मिळावीत, म्हणून १९६० साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. जुने तंत्रज्ञान आणि आयात मालाची स्पर्धा यांपुढे तिचा रसायनीचा कारखाना टिकला नाही. २०१७ साली केंद्र सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला, पण एक विभाग वगळून. अग्निबाणाच्या इंधनासोबत लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साईड बनवणारा तो विभाग ‘इस्रो’कडे सोपवण्यात आला. जे परक्याकडे मागून भागणार नाही, ते आपण राखले. जे बाजारात स्वस्त मिळत होते, ते गमावले. आज औषधांच्या कच्च्या मालासाठी चीनकडे पाहावे लागते, तेव्हा कळते की आजचे स्वस्त उद्या फार महाग पडू शकते.

शेवटी एक ऋण स्मरले पाहिजे. नवी मुंबईसाठी येथील शेते आणि मिठागरे गेली. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. राष्ट्राच्या सामर्थ्याची किंमत कोणी तरी आपल्या शेतजमिनीने मोजलेली असते. त्यांच्या नातवंडांनी त्याच बंदरात केवळ पहारेकरी किंवा वाहनचालक म्हणून उभे राहावे, हे राष्ट्राला शोभणारे नाही. सीमाशुल्काचे कायदे, जहाजवाहतुकीचे शास्त्र, रसायनशास्त्र, जपानी आणि चिनी भाषा यांत येथील मुले-मुली पारंगत झाली पाहिजेत. आपापल्या गावात अशी दोन मुले हेरून त्यांच्या शिक्षणाची सोय लावणे, एवढे काम आपल्यापैकी प्रत्येक जण करू शकतो.

मिठागरे गेली, त्यांच्या जागी महासागराचा दरवाजा उघडला आहे. त्या दरवाजाची किल्ली आपल्या मुलांच्या हाती असावी, इतकेच मागणे मांडून मी थांबतो.