साठ दिवसांचा मासा

(हिंगणा येथे शेतकरी बंधू-भगिनींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापूस, तूर, संत्रा सोडून आज मी समुद्रातील बारक्या माशांविषयी बोलणार आहे. हिंगण्याचा आणि समुद्राचा काय संबंध, असे आपणास वाटणे साहजिक आहे. आपल्या वेणेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते, एवढा संबंध तर आहेच. पण खरे कारण वेगळे आहे. उभे पीक किती आणि हाती येणारे उत्पन्न किती, यातला फरक हे मासे फार चांगला दाखवतात.

पोवळे आपल्याला अंगठीतला खडा म्हणून ठाऊक आहे. त्याच्याच भाऊबंदांपैकी काही बारीक प्राणी उथळ, उबदार समुद्रात चुन्याची घरे बांधतात. पिढ्यानपिढ्यांच्या या चुन्याचा खडक होतो, त्यास प्रवाळभित्ती म्हणतात. आपल्या राज्यात मालवणजवळ प्रवाळ आहेत. तेथे १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. विजयदुर्गसमोर सुमारे शंभर किलोमीटर आत, पाण्याखाली आंग्रिया बँक नावाचे पठार आहे, तेथेही प्रवाळ आहेत. हे नाव कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडले.

प्रवाळाच्या फटीफटींत ५ सेंटिमीटरहूनही लहान मासे राहतात. त्यांतील पुष्कळसे गोबी कुळातले. (ही आपली फुलगोबी नव्हे!) ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभित्तीवर एव्हियोटा नावाचा असा एक बारका गोबी आहे. त्याचे जास्तीत जास्त आयुष्य ५९ दिवसांचे असल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. आपला मूग पेरल्यापासून ६०-६५ दिवसांत तोडणीस येतो. तेवढ्यात या माशाचा जन्म, संसार आणि मरण सगळे आटोपते! पहिले तीन आठवडे पिलू पाण्यात तरंगते, मग प्रवाळावर उतरून एक-दोन आठवड्यांत वयात येते. उरलेल्या साडेतीन आठवड्यांत मादी अंडी घालते आणि नर ती राखतो. वय कसे मोजले, असे आपण विचाराल. माशाच्या कानात बारीक खडा असतो. त्यावर दररोज एक वळे चढते, तीच मोजली.

एवढी घाई कशासाठी? कारण या माशाला खाणारे चहूकडे टपलेले असतात. दररोज शंभरातले सात-आठ मासे कमी होतात. जो थांबेल त्याचा वंश बुडेल.

आता मुद्द्याचे. प्रवाळाभोवतीचे निळेशार पाणी खताविना असलेल्या हलक्या रानासारखे असते, तरी तेथे मोठे मासे थव्याने दिसतात. ते खातात काय? कोणत्याही एका दिवशी बारक्यांचे वजन केले तर ते नगण्य भरते. तरीही प्रवाळभित्तीवर जेवढे मासे खाल्ले जातात, त्यांच्या वजनात जवळजवळ ६० टक्के वाटा या बारक्यांचा असतो, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१९ साली मांडला. लसूणघासाचा वाफा आठवा. एखाद्या दिवशी तो चार पेंढ्यांचाच दिसतो, पण कापला की फुटतो आणि गोठा चालवतो. नुसत्या उभ्या वाफ्याकडे पाहून त्याची किंमत कळायची नाही. शिवाय बियाणे घरचेच! मोठ्या माशांची पिले बहुधा प्रवाहाबरोबर दूर जातात व थोडीच परततात. बारक्यांची पिले मात्र बरीचशी भित्तीजवळच राहतात, त्यामुळे रिकामी झालेली जागा लवकर भरते.

काही गोबी निंदणही करतात, हे ऐकून आपणास गंमत वाटेल. फिजी बेटांजवळ असे आढळले की, विषारी शेवाळ प्रवाळास टेकले की प्रवाळ पाण्यात एक रसायन सोडतो आणि त्याच्या फांद्यांत राहणारा गोबी काही मिनिटांत येऊन ते शेवाळ कुरतडतो. मजुरी म्हणून त्याला राहायला जागा मिळते. मजूर टंचाईच्या दिवसांत हेवा वाटावा असाच हा सालदार!

पण घरच गेले तर सालदार कुठे राहणार? पाणी नेहमीपेक्षा तापले की प्रवाळाच्या अंगातील शेवाळ बाहेर पडते, प्रवाळ पांढरा पडतो आणि ताप लांबला तर मरतो. मालवणला डिसेंबर २०१५ मध्ये असा पांढरेपणा नोंदला गेला. नांगर टाकल्याने किंवा पाय पडल्याने फांद्या मोडतात, ते वेगळेच.

आपल्या वेणेतले आणि नाल्यातले बारके मासे साठ दिवसांत मरत नाहीत, पण काम तेच करतात. शेवाळ, किडे, कुजका पाला खाऊन त्यांचे मास होते आणि त्यावर मरळ पोसते. ढिवर बांधवांच्या जाळ्यात येणारी मरळ आधी अशी घडलेली असते. कपाशीवर मारली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे माशांना अत्यल्प मात्रेतही मारक आहेत. म्हणून फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नका. ते पाणी नाला आणि विहिरीपासून दूर, पडीक जागेत जिरवा. रिकामे डबे नाल्यात फेकू नका.

शेततळ्यात कटला-रोहूचे बीज सोडण्यापूर्वी मोहाची पेंड टाकून जुने मासे काढतात. स्वतःच्या बंदिस्त तळ्यात ते जरूर करा. मात्र पेंड टाकलेले पाणी निदान तीन आठवडे नाल्यास सोडू नका, आणि नाल्यात किंवा गावतळ्यात पेंड टाकू नका.