आधी ताट, मग सुई

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषण)



सेक्रेटरींनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय मीच मागून घेतला.

मला मधुमेह होऊन १९ वर्षं झाली. पहिली १३ वर्षं गोळ्यांवर भागलं. मग एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, १०.२ आली आणि डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. आमच्या पिढीत 'सुई लागली' म्हणजे माणूस संपला असंच बोलायचे. म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. सौ.लाही ताकीद दिली.

माझ्याकडे दोन पेनं आहेत. रात्रीचं सावकाश, दिवसभर काम करतं. दुसरं जेवणाआधीचं. ते दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतं, तास-दीड तासात त्याचा जोर असतो. पोटात अन्न गेलेलं असो वा नसो, ते आपलं काम करणारच. डॉक्टर म्हणाले होते 'जेवणाआधी'. मी बँकवाला, मी त्याचं 'साडेबारा वाजता' करून टाकलं.

पाच वर्षांपूर्वीचा आपला गणपती आठवा. बोर्डावर लिहिलं होतं, महाप्रसाद १२.३०. मी सव्वाबाराला घरी जाऊन १२ युनिट घेतली आणि मंडपात येऊन बसलो. आपल्याकडच्या आरत्या एकदा सुरू झाल्या की थांबतात कुठे! त्यानंतर मुलांचा बक्षीस समारंभ. एकच्या सुमारास हात थरथरायला लागले, दरदरून घाम, छातीत धडधड. शेजारच्या पोरावर उगीचच खेकसलो. कुणी म्हणालं उकाडा आहे, कुणी म्हणालं बीपी, घरी नेऊन झोपवा. मला कळत होतं काय झालंय, पण चारचौघांत 'इन्सुलिन' हा शब्द तोंडातून निघेना. लाजेपायी माणूस किती मूर्ख होतो बघा. झोपवलं असतं तर आज हे भाषण झालं नसतं.

बी विंगच्या वहिनींनी वाकून हळूच विचारलं, "काका, सुई घेता का?" मी मान हलवली. प्रसादाच्या शिऱ्यासाठी आणलेल्या साखरेतले तीन चमचे त्यांनी पाण्यात ढवळले आणि मला पाजले. त्यांच्या वडिलांना इन्सुलिन चालू होतं. त्यांच्या मुलाने वरून मशीन आणलं तेव्हा आकडा ५४ होता. पंधरा मिनिटांनी ८१. मग वरणभात.

नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यातून. पेढा किंवा शिरा नको, तुपामुळे साखर रक्तात जायला उशीर होतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

तेव्हापासून ताट समोर वाढल्याशिवाय मी पेनला हात लावत नाही. गरम भाकरी तेवढा वेळ थांबते.

एक रोजकीर्दही ठेवतो. काय खाल्लं, किती युनिट, दोन तासांनी साखर किती. त्यातून कळलं की दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि पालेभाजीला मला चालणारा डोस साबुदाण्याच्या खिचडीला अजिबात पुरत नाही. एकादशीला २६२! उपवास कसला तो. डोस मात्र वही बघून डॉक्टर बदलतात, मी नाही. एकदा वहीचा ताळमेळच लागेना, तेव्हा त्यांनी पोट चाचपून पाहिलं. रोज बेंबीच्या उजवीकडे एकाच जागी टोचून गाठ झाली होती, तिथे औषध नीट शोषलं जात नव्हतं. आता जागा बदलतो.

त्या गणपतीनंतर आपल्याच सोसायटीतल्या चौघांनी मला जिन्यात गाठून, आवाज खाली करून सांगितलं, "काका, मीही घेतो." नावं सांगणार नाही. त्यांतले दोघे आत्ता समोर बसलेत आणि हसतायत.

वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाच्या वरच्या खणात ग्लुकोजची पुडी असते. कमिटीने ठेवली आहे, कुलूप नाही. आणि महाप्रसादाला वाढपी मुलं आधी माझ्याकडे येऊन विचारतात, "काका, वाढू का? मग घ्या."