कर्णाची फॅनफिक

हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत, सगळे नाही.

आज आवाज थोडा दबलेला येईल, कारण मी कपाटाचं दार उघडून कपड्यांत तोंड घालून बोलतोय. मीरा रोडला रविवारी दुपारी शांतता हवी असेल तर हा एकच स्टुडिओ परवडतो. खाली बँड वाजतोय. मध्येच ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आमच्या घरातल्या एका भांडणातून आलाय. महिन्याभरापूर्वी रात्री जेवताना माझी धाकटी बहीण सहज म्हणाली, "दादा, मृत्युंजय म्हणजे कर्णाची फॅनफिकच आहे ना?"

पप्पांचा घास हातातच राहिला.

पप्पांना एवढं का लागलं, ते सांगतो. आम्ही मूळचे गडहिंग्लज तालुक्यातले. शिवाजी सावंत आजऱ्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. पप्पा मुंबईला आले तेव्हा ट्रंकेत कपडे, आईने दिलेली चटणी आणि मृत्युंजय एवढंच होतं, असं ते सांगतात. चटणीचं प्रमाण दरवर्षी वाढतं, पुस्तक मात्र खरंच आहे. खाकी कव्हर, मागे चिकटपट्टी, मधली पंधरावीस पानं सुटलेली. मी दहावीच्या सुट्टीत तीच प्रत वाचली. आमच्या घरात 'कर्ण' हे जवळजवळ नातेवाईकाचं नाव आहे.

आणि बहीण? ती त्या दिवसांत लोकलमध्ये मोबाइलवर 'द साँग ऑफ अकिलीस' वाचत होती. मॅडलिन मिलर या अमेरिकन लेखिकेची २०११ची कादंबरी. अकिलीस हा ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा, होमरच्या 'इलियड'चा नायक. मिलरने त्याची गोष्ट पॅट्रोक्लस या त्याच्या मित्राच्या तोंडून सांगितली आणि दोघांचं नातं उघडपणे प्रेमाचं केलं. पुस्तकाला २०१२मध्ये ऑरेंज प्राइझ मिळालं. नंतर काही वर्षांनी टिकटॉकवरच्या वाचकांनी ते पुन्हा उचललं. 'हेडीस' नावाच्या गेममध्येही हे दोघं आले. आणि फॅनफिकच्या साइटवर तर विचारू नका. अकिलीस कॉलेजमध्ये, अकिलीस कॉफी शॉपमध्ये, अकिलीस मरतच नाही, असं सगळं आहे. ज्यांना फॅनफिक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आपल्याला आवडलेल्या पात्राची, आपल्याला हवी तशी, आपण लिहिलेली गोष्ट. पैशासाठी नाही, जीव अडकलाय म्हणून लिहिलेली.

माझं पहिलं उत्तर होतं, "काहीही बोलू नकोस." दुसरं उत्तर सुचायला आठवडा गेला. तोपर्यंत ती बरोबर आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. आणि ही शिवी नाहीये, हेही.

कारण हा उद्योग इंटरनेटने सुरू केलेला नाही. होमरनंतर काही शतकांनी अथेन्समध्ये एस्किलसने अकिलीस-पॅट्रोक्लसवर नाटक लिहिलं, त्यात ते दोघं प्रियकर होते. अकिलीसची ती फेमस टाच? इलियडमध्ये ती गोष्टच नाही. ती बऱ्याच नंतर चिकटली. आपल्याकडे भासाच्या नावावर 'कर्णभार' हे संस्कृत नाटक आहे. त्यात कर्ण कवचकुंडलं देतो ती थेट रणांगणाच्या वाटेवर. महाभारतात तो प्रसंग खूप आधी, पांडव वनवासात असताना घडतो. नाटककाराने टाइमलाइन हलवली. का? सीन भारी होतो म्हणून. दुसरं काय!

आणि आपलं जांभूळ आख्यान! शाहीर विठ्ठल उमपांचं व्हिडिओवर का होईना, पण बघा. पाच नवरे असलेल्या द्रौपदीचं मन कर्णावर जातं आणि ते देठापासून तुटलेल्या जांभळामुळे उघड होतं. बहिणीला मी हे दाखवलं तर ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "म्हणजे कर्ण-द्रौपदी शिप आपल्याकडे लोककलेत आहे?" आहे. संबळाच्या तालावर आहे. चित्रा बॅनर्जी दिवाकरुणींनी २००८मध्ये इंग्रजी कादंबरीत द्रौपदीचं मन कर्णात गुंतवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

तर मृत्युंजय. १९६७. सहा जण गोष्ट सांगतात: कर्ण स्वतः, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि शेवटी श्रीकृष्ण. व्यासांच्या महाभारतात कर्णाच्या बायकांना नावसुद्धा नाही. आज कुठल्याही मराठी माणसाला विचारा, तो 'वृषाली' सांगेल. एखाद्या फॅनने लिहिलेली गोष्ट लोकांनी मूळ म्हणूनच धरावी, याहून मोठं यश काय असतं?

पण मला पप्पांबद्दल बोलायचंय. हुशारी आहे, मेहनत आहे, पण 'तुझं कूळ काय' या एका प्रश्नावर सगळं अडतं, हा प्रसंग त्यांनी रंगभूमीवर नाही, साहेबाच्या केबिनबाहेर उभं राहून बघितलाय. त्यांना सावंतांचा कर्ण भेटला नसता तर ते त्या रागाचं काय करणार होते? हजारो घरांत ती प्रत अशीच फाटेपर्यंत वाचली गेलीय. त्याला 'फक्त फॅनफिक' म्हणणाऱ्याशी मी आजही भांडेन. बहीण 'फक्त' म्हणाली नव्हती, हा भाग वेगळा.

आता माझ्या धंद्याची भाषा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली. काम १९१९ला सुरू झालं, १९६६ला पूर्ण झालं. १,२५९ हस्तलिखितं, १९ खंड. आम्ही रोज दोन फाइल्सचा डिफ बघतो आणि कंटाळतो; या लोकांनी सत्तेचाळीस वर्षं बाराशेहून जास्त ब्रांचेसचा डिफ काढला, हाताने. जे जास्तीत जास्त जुन्या परंपरेत सापडतं ते वर, मुख्य पाठात. बाकीचं फेकलं नाही, खाली तळटीपेत किंवा परिशिष्टात. कोडमधली ओळ डिलीट न करता कमेंट करून ठेवावी तसं.

आता द्रौपदीचं स्वयंवर आठवा. कर्ण धनुष्य उचलतो आणि ती म्हणते, सूतपुत्राला वरणार नाही. टीव्हीवर, रील्सवर, प्रत्येक कर्णभक्ताच्या डोक्यात हा सीन आहे. चिकित्सक आवृत्तीत तो मुख्य पाठात नाही. तळटीपेत आहे. मुख्य पाठात काय आहे? तिथे जमलेले ब्राह्मण आपसांत बोलतात, की कर्ण, शल्य यांच्यासारख्यांना जे धनुष्य वाकवता आलं नाही ते या पोराला काय जमणार.

आणि द्यूतसभा? कर्ण भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणतो. पांडवांची आणि तिची वस्त्रं काढून घे, असं दुःशासनाला सांगतो. हे मुख्य पाठात आहे. वर, ठळक.

मी अडकलो तो इथे. तिने त्याचा केलेला अपमान तळटीपेत, त्याने तिचा केलेला अपमान पाठात. तळटीपेतली गोष्ट खोटी असं मी म्हणत नाही, कुणीतरी कधीतरी मनापासूनच ती लिहिली असणार. पण ती कशासाठी वापरली जाते बघा. 'हो, सभेत तो चुकला, पण आधी तिने काय केलं होतं?' सावंत सभेचा प्रसंग चुकवत नाहीत. पण तिथे पोचेपर्यंत आपण शेकडो पानं कर्णाच्या छातीत बसलेले असतो. त्याची जखम आपल्याला पाठ असते.

आणि हे फक्त आपलंच नाही. इलियडमध्ये ब्रिसेइस नावाची बाई आहे. अकिलीसने तिच्या नवऱ्याला मारलं, तिचे तीन भाऊ त्याच लढाईत गेले, आणि ती अकिलीसच्या वाट्याला लूट म्हणून आली. मिलरच्या कादंबरीत? पॅट्रोक्लसच्या सांगण्यावरून अकिलीस तिला मागून घेतो, ती दुसऱ्या कुणाच्या तावडीत जाऊ नये म्हणून. लुटणारा वाचवणारा झाला. बहिणीलाच हे खटकलं होतं, तीच पॅट बार्करची 'द सायलेन्स ऑफ द गर्ल्स' घेऊन आली. २०१८ची कादंबरी, त्यात तीच गोष्ट ब्रिसेइस सांगते. तिच्या तोंडून अकिलीस ऐकताना ते कॉफी शॉपवालं सगळं आठवून कसंतरीच होतं.

आपल्याकडे हा दुसरा आवाज शोधायला लांब जावं लागत नाही. ज्या १९६७मध्ये मृत्युंजय आलं, त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगांत' आलं. त्यातला कर्णावरचा लेख वाचा. त्यांनी कर्णाला ना ओवाळलं ना हाकललं. आपण कोण हे आयुष्यभर न सापडलेला माणूस म्हणून त्याच्याकडे बघितलं आणि तो कुठे कुठे कमी पडला ते सरळ लिहिलं. एका वर्षात मराठीत दोन कर्ण. आमच्या घरात पन्नास वर्षं एकच होता.

बरं, आता जे सांगायचं नव्हतं ते.

मी कर्ण वापरलाय. नोकरीत. आमच्या कॉलेजात चांगल्या कंपन्या यायच्या नाहीत. सहा महिने घरी बसलो होतो. मग एका सीनिअरने मला रेफरल दिला, स्वतःच्या टीममध्ये घेतलं. माझ्यासाठी तो अंगदेशच होता. नंतरची तीन वर्षं तो चुकला तरी मी गप्प. मनात म्हणायचो, मित्राचं मीठ खाल्लंय, कर्णाने काय केलं असतं? पेन ड्राइव्हवर मी 'राधेय' लिहून ठेवलं होतं. हसा.

एकदा टीमच्या कॉलवर त्याने एका नव्या मुलीच्या कोडची चिरफाड केली. कोडवरून तिच्यावर गेला. हिला मुलाखतीत घेतलं कुणी, वगैरे. अकरा जण कॉलवर. मी गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. मी बसलो नाही. मी एक जोक मारला, त्याच्या बाजूने. सगळे हसले. तिचा माइक म्युट होता, तो तसाच राहिला. दोन महिन्यांनी तिने नोकरी सोडली. त्या जोकमुळेच असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही.

हे मी बहिणीला भांडणाच्या भरात सांगितलं, कर्णाची बाजू मांडायला! मित्रासाठी माणूस कधीकधी बोलून जातो, असं. ती एवढंच म्हणाली, "मग तू कर्णच आहेस की. फक्त चुकीचा सीन धरून बसलायस."

त्यानंतर मी उद्योगपर्व काढलं. युद्धाच्या आधी कृष्ण कर्णाला रथात घेतो, त्याचा जन्म सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नाही म्हणतो. हे युधिष्ठिराला सांगू नकोस, म्हणतो. तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. हे सगळं मला रील्सवरून पाठ होतं. पण त्याच बोलण्यात पुढे तो म्हणतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना जे जहरी बोललो, त्याने आज माझा जीव जळतो. ही ओळ मुख्य पाठात आहे. तिच्यावर एकही रील नाही. म्युझिक लावायला जागाच नाही तिथे. आणि मला वाटतं अख्ख्या महाभारतात कर्ण सगळ्यात उंच दिसतो तो इथे, रथाचं चाक रुतलं तिथे नाही. त्याला कुणी तळटीप दिलेली नाही, तो स्वतः मागतही नाही.

मी मोठ्या उत्साहात बहिणीला वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि विचारलं, "पांडवांना बोललो, म्हणतोय. द्रौपदीचं नाव कुठंय?"

नाहीये. मी पुन्हा वाचलं. नाहीये.

पप्पा तेव्हा टीव्ही बघत होते. २०२४च्या 'कल्की'त शेवटी प्रभास कर्ण निघतो, तो भाग लागला होता आणि ते सोफ्यावरून जवळजवळ उठले होते. मी त्यांना युगांत दिलंय. कर्णाचा लेख सोडून बाकी सगळे वाचून झालेत त्यांचे. विचारलं की म्हणतात, वाचतो रे, घाई काय आहे.

गेल्या मंगळवारी भाईंदर लोकलमध्ये उभ्या उभ्या मी त्या मुलीला मेसेज टाइप केला. 'हाय, आठवतोय का माहीत नाही. त्या दिवशी कॉलवर जे झालं त्याबद्दल सॉरी.' पाठवायच्या आधी बहिणीला स्क्रीनशॉट टाकला. दहिसर गेलं तेव्हा तिचं उत्तर आलं: '"जे झालं" नाही. "मी जे बोललो".'

मीरा रोडला उतरलो, ब्रिजवर बाजूला उभा राहिलो आणि बदललं.