कमरेचा पट्टा

मराठी भाषेत 'पट्टा' हा शब्द फार उद्योगी आहे. माणसाच्या कमरेला पट्टा, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पिठाच्या गिरणीला पट्टा, वाघाच्या अंगावर पट्टे. सरकारने कसायला दिलेल्या जमिनीचाही पट्टाच, आणि वेधशाळा पावसाची बातमी सांगते तीही कमी दाबाच्या पट्ट्याचीच. दांडपट्टा हे तर आपले मर्दानी हत्यार. सन २०२४ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. शिवाय तोंडाचा पट्टा आहेच. तो कुणाचा कधी सुटेल याचा नेम नसतो, आणि भाषण करायला बसलेल्या माणसाने तर त्याला फारच जपावे लागते. म्हणून या सगळ्या पट्ट्यांतून मी आज एकच धरून ठेवतो : कमरेचा. बाकीचे वाटेत भेटले तर भेटतील.

माणूस जन्माला येतो आणि अंगात झबले येण्याच्या आधीच बऱ्याच घरांत त्याच्या कमरेला एक काळा दोरा येतो. कुणी त्याला करदोडा म्हणतात, कुणी करगोटा. ऐपत असली तर तो चांदीचा असतो. आजी म्हणते, दृष्ट लागू नये म्हणून. पण त्याच दोऱ्याला पुढे लंगोटी अडकवायची सोय होते, हे काही ती सांगत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ रूढी अशाच असतात. वरून श्रद्धा आणि आतून सोय. दोन्ही एकाच दोऱ्यात वळलेल्या. त्यातली कोणती आधी आली, हे सांगणे कठीण.

कमरेला काही बांधले म्हणजे अंगात बळ येते, असे आपल्या भाषेला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कामाला लागायचे तर आपण कंबर बांधतो, संकट आले तर कंबर कसतो, आणि दुःख फारच झाले तर आपली कंबर खचते. डोक्यावर ओझे घेणारा हमाल, भाताच्या खाचरात वाकणारी बाई, कुणीही पाहा. आधी पदर खोचला जातो, पंचा आवळला जातो, मग हात कामाला लागतात. हा 'कमर' शब्द मूळचा फारसी. त्यातूनच कमरबंद झाला, आणि हा कमरबंद साहेबाला इतका आवडला की तो त्याने आपल्या देशी नेला. आजही तिकडच्या मेजवानीच्या पोशाखात कमरेला रेशमी पट्टा असतो, आणि त्याचे इंग्रजी नाव आपल्या कमरबंदाचेच आहे.

बायकांच्या कमरेची गोष्ट आणखी जुनी. कार्ल्याच्या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर जी स्त्री-पुरुषांची जोडपी कोरली आहेत, ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्या स्त्रियांच्या अंगावर वस्त्र दिसेल न दिसेल असे, पण कमरेची मेखला मात्र ठसठशीत. संस्कृतात या दागिन्याला मेखला, कांची, रशना अशी किती तरी नावे आहेत. आपल्या लग्नातला कंबरपट्टा त्याच घराण्यातला. लग्न झाले की तो पेटीत जातो आणि घरात दुसरे लग्न निघाले की बाहेर येतो. त्याच्या जोडीला रोजच्या कमरेला लागतो तो चांदीचा छल्ला. त्यात किल्ल्या. कंबरपट्टा मिरवायचा, पण घर कुणाच्या हातात आहे ते सांगतो छल्ला. सासूच्या कमरेचा छल्ला सुनेच्या कमरेला कधी येतो, यावर आपल्याकडे मोठमोठी महाभारते झाली आहेत, बरं का!

आता पट्ट्याच्या दुसऱ्या अंगाकडे वळू. पट्टा बांधला म्हणजे माणूसही कशाला तरी बांधला जातो.

आपण मुंज म्हणतो, तो शब्द मुळात एका गवताचा. या मुंज गवताची दोरी बटूच्या कमरेला बांधायची, म्हणून ते मौंजीबंधन. लोकांच्या लक्षात राहते जानवे, पण संस्काराला नाव मिळाले ते कमरेच्या दोरीवरून. विद्या संपली की ती दोरी सोडायची, त्याला सोडमुंज म्हणतात. बांधणे आणि सोडणे, दोन्ही शास्त्राने सांगितले, हे त्यातले शहाणपण. पण त्याच शास्त्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. मनुस्मृती ब्राह्मणाला मुंजाची, क्षत्रियाला मूर्वा नावाच्या वेलीची आणि वैश्याला तागाची मेखला नेमून देते. शूद्राला तिने काहीच नेमलेले नाही. मुलींचे लग्न हेच त्यांचे उपनयन, असे सांगून त्यांनाही बाहेर ठेवले. म्हणजे ही मेखला बटूला विद्येशी बांधत होती हे खरे, आणि ज्यांच्या कमरेला ती नाही त्यांना विद्येचे दार बंद आहे, हेही तीच सांगत होती.

याच्या शेजारी पारशी समाजाची कस्ती ठेवून पाहा. मुंबईत शेजार असूनही आपण ती नीट पाहिलेली नसते. कोकराच्या लोकरीचे बहात्तर धागे घेऊन ती विणतात. यस्न या त्यांच्या धर्मग्रंथाचे बहात्तर अध्याय, म्हणून धागेही बहात्तर. सदरा नावाच्या पांढऱ्या वस्त्रावरून तिचे कमरेला तीन वेढे देतात, आणि दिवसातून कित्येकदा ती सोडून, प्रार्थना म्हणत, पुन्हा बांधतात. नवजोत या विधीत ती प्रथम बांधली जाते. मुलग्याला बांधतात तशीच मुलीलाही बांधतात, हे विशेष. रोज सोडून रोज आपल्या हाताने बांधायची. म्हणजे बंधन आहेच, पण ते आपले आपण पुन्हा पत्करलेले.

धर्मानंतर दरबार. मुंबई इलाख्यातल्या कचेऱ्यांत साहेबाच्या दाराशी जो शिपाई बसे, त्याचे नावच 'पट्टेवाला'. खांद्यावरून किंवा कमरेभोवती पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला. गावात हा पट्टेवाला आला की भल्याभल्यांची तारांबळ उडे. पगार बेताचा, हुद्दा सर्वांत खालचा, पण पट्ट्यावर सरकारचे नाव! त्या माणसाच्या अंगचे म्हणून त्यात काही नव्हते. पट्टा खुंटीला गेला की तोही आपल्यासारखाच बाजारात भाव करणारा गृहस्थ. सैन्यात अपराधी शिपायाला साहेबापुढे उभे करतात तेव्हा त्याची टोपी आणि पट्टा उतरवतात. जे दिलेले असते ते काढूनही घेता येते.

जपानी लोकांनी या पट्ट्याला निराळे वळण दिले. जिगोरो कानो या शिक्षकाने सन १८८२ मध्ये ज्यूदोची शाळा काढली आणि पुढे तयार शिष्यांच्या कमरेला काळा पट्टा बांधण्याची चाल पाडली. आज आपल्या तालुक्याच्या गावीसुद्धा पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांची मुले-मुली संध्याकाळी ओळीने कराट्याला उभी राहिलेली दिसतात. इथे पट्टा कुळावरून मिळत नाही आणि हुकमावरूनही मिळत नाही. घाम गाळावा लागतो. विलायतेत मुष्टियोद्ध्याला जिंकल्याबद्दल पट्टाच देतात. आपल्या महाराष्ट्र केसरीला मात्र आपण गदा देतो. आखाड्यातल्या मारुतीच्या साक्षीने ते शोभतेही.

पण श्रोतेहो, हा चामड्याचा पट्टा तयार कोण करतो? मुंबईत शीव-धारावी रस्त्याने जा, चामडी वस्तूंची दुकाने ओळीने लागतील. त्यांच्या मागच्या गल्ल्यांत कारागीर बसलेला असतो. कातड्याची लांब चिरफळी काढायची, रापीने कडा तासायच्या, अस्तर चिकटवायचे, शिलाई मारायची, बक्कल बसवायचे आणि भोके पाडायची. भोके बहुधा पाच, आणि माप धरायचे ते मधल्या भोकाचे. दोन भोके भरल्या पोटासाठी, दोन वाईट दिवसांसाठी! गिऱ्हाईक आरशात पाहते ते बक्कल. तो हात कुणाला दिसत नाही. आणि ज्या समाजाने हे कसब पिढ्यान् पिढ्या सांभाळले, त्याला आपण गावाबाहेर ठेवले होते. त्याने केलेला पट्टा कमरेला लावून माणसे गावभर मिरवत होती, पण तो करणाऱ्याला पाणवठ्यावर येऊ देत नव्हती. घटनेने सन १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केली. मनातून ती किती गेली, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. कमरेला पट्टा लावताना केला तरी चालेल.

पट्ट्याचा आणखी एक उपयोग आहे. तो सांगायला जड वाटते, पण वगळला तर भाषण खोटे होईल. पट्टा कमरेवरून निघतो आणि हातात येतो. घरात, शाळेत, पोराच्या पाठीवर. 'आम्हीही खाल्ला, म्हणून माणसात आलो,' असे पुष्कळ वडीलधारे अभिमानाने सांगतात. मला वाटते, ते माणसात आले ते पट्टा असूनही आले. पट्ट्याच्या धाकाने मूल एकच गोष्ट चटकन शिकते, ती म्हणजे लपवणे. सन २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई केली आहे. घराच्या उंबऱ्याशी कायदा सहसा थांबतो. तिथे आपल्यालाच पट्टा कमरेला ठेवायचा आहे. त्याची जागा तीच.

आता यंत्राचा पट्टा. मुंबईत सन १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. त्या काळच्या गिरण्यांत एकच मोठे इंजिन असे, आणि त्याची शक्ती वर फिरणाऱ्या लांब दांड्यावरून चामडी पट्ट्यांनी एकेका यंत्राला उतरे. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीतही तेच तत्त्व. पट्टा चाकाला जितका जास्त विळखा घालील तितकी पकड घट्ट. तो इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तिढा देऊन घातला तर दुसरे चाक उलटे फिरते. घसरू लागला तर गिरणीवाला त्यावर राळ टाकी. असा हा गुणी पट्टा, पण त्याला डोळे नाहीत. पदर, ओढणी, वेणी, धोतराचा सोगा, जे सापडेल ते तो ओढून घेतो आणि त्यामागे माणूसही जातो. म्हणूनच सन १९४८ च्या कारखाने कायद्याने अशा फिरत्या भागांना कुंपण घालायला लावले. चालत्या यंत्राजवळ अंगासरशी कपडे घातलेल्या शिकलेल्या कामगारानेच जावे, आणि पंधरा सेंटीमीटरपेक्षा रुंद पट्टा फिरत्या चाकावर हाताळू नये, इतक्या बारकाव्याने त्यात लिहिले होते. असल्या नियमांमागे कुणाचे तरी हात गेलेले असतात. खळ्यावरच्या मळणी यंत्राजवळ मात्र कायद्याचा माणूस उभा नसतो. तिथे पट्ट्यावरची जाळी 'जरा वेळ' काढून ठेवलेली असते, आणि घात होतो तो नेमका तेवढ्याच वेळात.

शेवटी मोटारीचा पट्टा. नील्स बोलिन हा स्वीडनचा इंजिनियर. आधी तो विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांचे काम करी. पुढे तो व्होल्व्हो कंपनीत आला आणि सन १९५९ मध्ये त्याने खांद्यावरून व कमरेवरून जाणारा, एका हाताने लावता येणारा पट्टा सिद्ध केला. कंपनीने त्याचे पेटंट इतरांनाही वापरू दिले. जीव वाचवणारी युक्ती कुलपात ठेवली नाही.

या पट्ट्याचे गणित सोपे आहे. गाडी ताशी पन्नास किलोमीटरने चालली आहे आणि समोर आदळून थांबली. गाडी थांबली, पण आतला माणूस थांबत नाही, तो त्याच वेगाने पुढे जातो. हा आघात म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, तीन मजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्याइतका. कितीही बळकट मनगट असो, स्टिअरिंग धरून हे बळ आवरत नाही. मांडीवरच्या लेकराला आई छातीशी कितीही घट्ट धरो, ते हातात राहत नाही. पट्टा ते बळ नितंबाच्या आणि छातीच्या हाडांवर वाटतो आणि थोडासा ताणून क्षण लांबवतो. त्या थोड्याशा क्षणात जीव राहतो. मागे बसणाऱ्यालाही हाच नियम लागू. गाडीला मागचे-पुढचे कळते, आघाताला कळत नाही.

सरकारी अहवालाप्रमाणे सन २०२२ मध्ये आपल्या देशात पट्टा न लावलेली १६,७१५ माणसे अपघातांत दगावली. त्यांतली जवळजवळ निम्मी गाडी चालवणारी नव्हती, नुसती बसलेली होती. आणि आपण काय केले? पट्टा लावला नाही तर गाडी किणकिण करते, म्हणून ती किणकिण बंद करायला बाजारात नुसत्या बक्कलाच्या क्लिपा आल्या. पट्टा नाही, फक्त त्याची जीभ! सन २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा काढून टाकायचा हुकूम द्यावा लागला. आपण पोलिसाला फसवतो तेव्हा निदान दंड तरी वाचतो. या क्लिपेने आपण कुणाला फसवतो, याचा विचार करावा.

मला वाटते, याचे मूळ आपल्या मनातल्या पट्टेवाल्यात आहे. पट्टा म्हणजे वरच्याने खालच्याला बांधायची वस्तू, असे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. म्हणून साहेबीच्या थाटात मागे बसलेल्या माणसाला पट्टा लावणे कमीपणाचे वाटते. पण या पट्ट्याचे बक्कल आपल्याच हाताशी आहे. लावायचा आपण आणि सोडायचाही आपणच, त्या कस्तीसारखा.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. कमरेचा भाग पोटावर नको, खाली नितंबाच्या हाडांवर घ्या. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यावा. खांद्याचा भाग काखेतून न घेता खांद्यावरूनच जाऊ द्या. लहान मुलांसाठी त्यांच्या मापाचे आसन घ्या. आणि भाड्याच्या गाडीत मागचा पट्टा गादीखाली गडप झालेला असेल, तर संकोच न करता चालकदादाला सांगा, 'दादा, जरा तो पट्टा वर काढून देता का?' दोन मिनिटे उशीर होईल. होऊ द्या. घरी वाट पाहणाऱ्यांना तेवढा चालतो.