सैनिकांचे निवृत्तिवेतन आणि आपली विधिमंडळे
(दारव्हा येथे मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनांतून शिक्षण, विवाह आणि वसतिगृह या विषयांवर पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आज मात्र आम्ही निराळा विषय घेतला आहे. आपल्या समाजातील काही घरांतून मुले फौजेत गेली. कोणी पंधरा वर्षे नोकरी करून परतले, कोणी परतले नाहीत. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील छोटी आगगाडी धावत होती तोवर रजेवर आलेला जवान मोतीबाग स्थानकावर उतरला की गावाला बातमी लागे. आता ती गाडी बंद आहे, आणि निवृत्त होऊन आलेला शिपाई कोणत्या कचेरीत खेटे घालतो आहे याची बातमी शेजाऱ्यासही लागत नाही. त्या खेट्यांचा हिशेब कोणी कोणास विचारावा, हा आमचा विषय.

सरकार देते आणि सैनिक घेतो, एवढीच या व्यवहाराची कल्पना आपल्याकडे रूढ आहे. परंतु सरकारने दिले की नाही, वेळेवर दिले की नाही, हे पाहण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या सभांकडे आहे. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ या मागणीचे होय. एकाच हुद्द्याचे, तेवढीच वर्षे नोकरी केलेले दोन शिपाई. एक आधी निवृत्त झाला, दुसरा दहा वर्षांनी. आधीच्याच्या हाती कमी पैसे पडत. हा अन्याय अनेक वर्षे बोलला गेला, पण त्यास वळण मिळाले ते एका विनंती-अर्जाने. तो अर्ज राज्यसभेकडे गेला. राज्यसभेची विनंती-अर्ज समिती दहा सदस्यांची असते. तिचे अध्यक्ष त्या वेळी श्री. भगतसिंह कोश्यारी होते, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. समितीने डिसेंबर 2011 मध्ये आपला अहवाल सभागृहापुढे ठेवला आणि मागणी रास्त असल्याचे सांगितले. आधी निवृत्त झालेल्यास पुढील वाढ आपोआप मिळावी, असे त्या व्याख्येत होते.

यानंतर काय घडले ते सावकाश पाहण्यासारखे आहे. 2014 च्या फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्पात तत्त्व मान्य झाले आणि 500 कोटी रुपये दाखविले गेले. जुलैच्या अर्थसंकल्पात आणखी 1000 कोटी आले. जून 2015 मध्ये वयोवृद्ध माजी सैनिक दिल्लीत जंतरमंतरवर बसले. 5 सप्टेंबर 2015 रोजी घोषणा झाली, 7 नोव्हेंबर रोजी आदेश निघाला आणि 1 जुलै 2014 पासून तो लागू धरला गेला. तथापि त्या आदेशात वाढ आपोआप नव्हती. दर पाच वर्षांनी फेरनिश्चिती होईल असे होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 16 मार्च 2022 च्या निर्णयात न्यायालयाने सरकारचे धोरण कायम ठेवले. कोश्यारी समितीचा अहवाल म्हणजे सरकारचे धोरण नव्हे, हेही तेथे स्पष्ट झाले. परंतु पाच वर्षांचा शब्द सरकारने दिला होता, म्हणून 1 जुलै 2019 पासूनची फेरनिश्चिती करून थकबाकी देण्याचा हुकूम झाला. ती थकबाकीही रेंगाळली. अखेर मार्च 2023 मध्ये न्यायालयाने तारखा बांधून दिल्या. कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या विधवांस आणि शौर्यपदक मिळविलेल्यांस 30 एप्रिल 2023 पर्यंत एकरकमी, सत्तरी ओलांडलेल्यांस 30 जून पर्यंत, उरलेल्यांस हप्त्यांनी.

यावरून समितीचा अहवाल निरुपयोगी ठरला, असे आमच्या एका मित्राने काढलेले अनुमान आम्हांस पटत नाही. समिती हुकूम देऊ शकत नाही, हे खरे. पण ज्या प्रश्नास कोणी कागदावर व्याख्या दिली नव्हती त्यास तिने व्याख्या दिली, आणि पुढची सारी भांडणे त्या व्याख्येवरून झाली.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या कामकाजासाठी प्रतिनिधिगृहाची स्वतंत्र समिती 1946 च्या कायद्याने आली. 2014 मध्ये फिनिक्स येथील सैनिकी रुग्णालयातील प्रतीक्षायाद्यांचा घोटाळा उघडकीस आला, तेव्हा चौकशीच्या रेट्यात खात्याच्या मंत्र्यास पद सोडावे लागले. आपल्याकडे अशी वेगळी समिती नाही. लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य असलेली संरक्षण विषयाची स्थायी समिती तोफा, विमाने, जहाजे यांच्या जोडीने निवृत्तांचाही विचार करते. तोफांपुढे म्हाताऱ्या शिपायाची पाळी उशिरा येणार, हे सांगावयास नको. महालेखापरीक्षकांनी मात्र 2015 साली माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेची स्वतंत्र तपासणी करून औषधांच्या तुटवड्यावर बोट ठेवले. ही योजना 1 एप्रिल 2003 पासून चालू आहे.

आपल्या राज्याचेही एक प्रकरण सांगितले पाहिजे. मुंबईत कुलाब्याला ‘आदर्श’ नावाची एकतीस मजली इमारत उभी राहिली. ती कारगिलच्या वीरांसाठी आहे, असा बोभाटा झाला. 2011 साली महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत आला. राज्याने नेमलेल्या द्विसदस्य आयोगाने 2012 च्या अंतरिम अहवालात सांगितले की जमीन राज्य सरकारची होती आणि ती कारगिलवीरांसाठी राखीवही नव्हती. अंतिम अहवाल डिसेंबर 2013 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात विधानसभेपुढे आला. सरकारने तो प्रथम फेटाळला आणि पुढच्याच महिन्यात अंशतः स्वीकारला. सैनिकाच्या नावाने काय काय चालू शकते, आणि सभागृहात कागद आल्यावाचून ते कसे झाकलेले राहते, हे आपल्या घराजवळच्या अधिवेशनानेच दाखविले.

आता कोणता प्रश्न कोणत्या दारी न्यावा? पुष्कळ मंडळी येथेच चुकतात. निवृत्तिवेतन, आरोग्य योजना, अभिलेख कार्यालय हे सारे केंद्राचे. त्यासाठी यवतमाळ-वाशीमच्या खासदारांस गाठावे. घरपट्टीची सवलत, राज्याच्या नोकऱ्यांतील राखीव जागा, यवतमाळचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ध्वजदिन निधी हे राज्याचे. त्यासाठी दारव्हा तालुका ज्यात मोडतो त्या दिग्रस मतदारसंघाच्या आमदारांस. निधीची पेटी आपण दरवर्षी 7 डिसेंबरला फिरवितो. तो कसा खर्च झाला, हा प्रश्न विधानसभेत विचारता येतो. मंत्र्याने लोकसभेत आश्वासन दिले तर ते तीन महिन्यांत पुरे व्हावे असा दंडक आहे, आणि न झाल्यास जाब विचारावयास आश्वासन समिती आहे. आमदारखासदारांस भेटावयाचे ते हार घालण्यापुरते नव्हे, तर तारीख, क्रमांक आणि नकला घेऊन.

नकलांचा विषय निघाला म्हणून आमच्या पाहण्यातील एक घर सांगतो. जवान वारला. त्याच्या सेवापुस्तकात पत्नीचे माहेरचे नाव होते. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात, त्यामुळे बँकेत आणि शिधापत्रिकेवर सासरचे. दोन्ही बाया एकच, हे सिद्ध करीत त्या माउलीची तीन वर्षे गेली. तिला कोणी फसविले नव्हते, कोणी लाचही मागितली नव्हती. प्रत्येक कारकून आपल्यापुरता बरोबर होता. अशी शेकडो घरे असली तर तो एका बाईचा प्रश्न उरत नाही, आणि राज्यसभेच्या समितीकडे विनंती-अर्ज जातो तो अशाच सामाईक गाऱ्हाण्याचा. तो हिंदीत किंवा इंग्रजीत लागतो, मराठीत लिहिल्यास भाषांतर जोडावे. न्यायालयात चालू असलेली बाब त्यात चालत नाही.

यास्तव आमची मंडळास सूचना आहे की, आपल्या घरांतील आजी-माजी सैनिकांची एक नोंदवही ठेवावी. तीत सैनिकाचा क्रमांक, पलटण, भरतीचे व निवृत्तीचे साल, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक, हयातीचा दाखला शेवटचा केव्हा दिला, आणि पत्नीची दोन्ही नावे, माहेरचे आणि सासरचे, असे रकाने असावेत. वही आम्ही आणली आहे, ती व्यासपीठाच्या उजव्या बाजूस ठेवली आहे. भोजनापूर्वी ज्यांस शक्य असेल त्यांनी नोंद करावी.