व्याघ्रगडाची अरण्यवाट
(गिर्यारोहकांच्या मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



बामणोलीहून निघालेली होडी शिवसागर जलाशय ओलांडून पैलतीराला लागते आणि तेथून वासोट्याची दाट अरण्यातील चढण सुरू होते. छत्रपती शिवाजी महाराजांनी या दुर्गाला ‘व्याघ्रगड’ हे नाव दिले. आज हा गड कोयना अभयारण्यात आहे. हे अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत कोयना आणि चांदोली यांचाही समावेश आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाच्या अरण्यातील वाघीण येथे आणून सोडण्यात आली.

हे वैभव फुकट लाभलेले नाही. आधी धरणासाठी आणि पुढे वनसंरक्षणासाठी या खोऱ्यांतील अनेक गावांनी घरे, शेते आणि ग्रामदैवतांची ठाणी मागे ठेवली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची भूमी सोडली, त्यांच्या त्यागावर ही वनराई उभी आहे. तेथे एका दिवसाच्या मौजेसाठी जाणाऱ्याने प्लास्टिकचा कचरा टाकून यावे, कर्णकर्कश गाणी लावावीत, हा केवळ बेशिस्तपणा नव्हे. ती कृतघ्नता होय.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. अभयारण्यातील प्रवेशासाठी परवाना आणि तेथे आग लावण्यास मनाई, या तरतुदी त्यात स्पष्ट आहेत. फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचे गवत वाळलेले असते. विडीचे एक जळते थोटूक अख्खा उतार भस्मसात करू शकते. गवत गेले की सांबर-भेकरांचा चारा जातो आणि त्यांच्यावर जगणाऱ्या वाघाचा आधारही तुटतो. उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्याच पावसात वाहून जलाशयात येते. मळलेली वाट सोडून आडवाटेने उतरणाऱ्यांच्या पावलांनीही हीच धूप वाढते.

महाराष्ट्राला हा संयम नवा नाही. देवाच्या नावाने राखलेल्या रायांत कोयता चालवायचा नाही, हा नियम गावोगावी पाळला गेला. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. तेथे पहारेकरी नव्हता. पहारा मनाचा होता.

म्हणून अरण्याची दारे बंद करणे हा उपाय नव्हे. जो वन पाहतो, तोच त्याच्यासाठी उभा राहतो. मात्र परवाना घेऊन, स्थानिक वाटाड्यास सोबत घेऊन जावे. त्याच्या घरी चार पैसे गेले, तर वन राखण्यात त्यालाही हित दिसेल. सूर्यास्तापूर्वी परतावे, नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी आणि वणवा वा शिकारीचा माग दिसताच वनरक्षकास कळवावे. इतके व्रत प्रत्येक गिर्यारोहकाने घेतले, तर व्याघ्रगडाचे नाव सार्थ राहील.